कारणाचा रकाना

आपल्या कामाबद्दल काहीतरी लिहा, असा निरोप दिवाळी अंकाकडून आला तेव्हा मी कागदावर एक नाव लिहिलं आणि पुढचे दोन दिवस तिथंच अडकून राहिलो. ते नाव मंदाताई खंडारे. अकोल्याच्या ज्या महाविद्यालयात मी बी.एस्सी. केलं, तिथल्या संगणक प्रयोगशाळेत त्या सहायक होत्या. माझे वडील मोझरीजवळ भाजीपाला करतात. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं. पदवी मला विद्यापीठानं दिली. ज्या कामावर माझं घर चालतं ते काम मला मंदाताईंनी शिकवलं. कोणाचं सर्वात जास्त देणं लागतो असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी त्यांचंच नाव घेईन.

मी अमरावतीत एका लहान कंपनीत आहे. शाळा-कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळा उभ्या करून देणं आणि पुढं त्या चालू ठेवणं हा आमचा धंदा. लोकांना वाटतं की आम्ही दिवसभर पडद्यावर हिरवी अक्षरं पळवत असतो. प्रत्यक्षात आमचा निम्मा दिवस ‘कालपर्यंत तं बरोबर चालू होतं’ हे वाक्य ऐकण्यात जातो. अमरावतीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधला एक संगणक रोज साडेअकराला बंद पडायचा. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा मशीन ठणठणीत. तिसऱ्यांदा सकाळी दहापासून खुर्ची टाकून बसलो. साडेअकराला बाजूच्या खोलीतला कूलर सुरू झाला आणि संगणक गेला. दोघांना एकाच बोर्डावरून वीज दिली होती.

मालक म्हणाले, “म्हंजे कूलर खराब आहे?”

“नाही काका, कूलरही चांगला आहे आणि संगणकही. वायरिंग कमी पडतं.”

“मंग तुमी दोन खेपा काय पाहून गेले?”

यंत्र आपण पाहत असतो, बिघाड मात्र बऱ्याचदा बाजूच्या खोलीत असतो. हे मला तेव्हा ठाऊक होतं असं मी समजत होतो.

मंदाताईंकडं एक वही असायची, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात चार रकाने आखलेले: तारीख, मशीन क्रमांक, काय झालं, कारण. प्रयोगशाळेत काहीही बिघडलं की त्या पहिले तीन रकाने लगेच भरायच्या. चौथा मात्र खात्री झाल्याशिवाय भरायच्या नाहीत. मग तो आठवडाभर कोरा राहिला तरी चालेल. पहिल्या वर्षाला असताना पाय अडकून माझ्याकडून एका मशीनची वायर उपटली गेली आणि मी गुपचूप दुसऱ्या मशीनवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी वही उघडून पाहिली तर चौथ्या रकान्यात लिहिलं होतं: ‘प्रवीण उमक, प्रथम वर्ष. वायर ओढली, सांगितलं नाही.’

मी म्हणालो, “ताई, खोडा ना. सर पाहतील.”

“काहून खोडू? खोटं आहे का?”

“नाही.”

“मंग राहू दे. वायर ओढल्याचं काई नाई रे बाबा, वायर कोनाच्याबी पायात येते. सांगितलं नाई, ते लिहिलं म्या.”

माझं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. पडद्यावर इंग्रजीत काही लाल आलं की मी घाबरायचो आणि ते वाचायच्या आत मी ती खिडकी बंद करून टाकायचो. मंदाताई स्वतः दहावी शिकलेल्या. इंग्रजी त्यांनाही फारसं येत नव्हतं, पण त्या पडद्यावरची ओळ अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायच्या. “मले अर्थ नाई समजत, अक्षरं समजतात,” असं म्हणायच्या. आणि मला सांगायच्या, “पयले लिहून घे, मंग घाबर.” लिहून होईपर्यंत घाबरणं बरंचसं ओसरून गेलेलं असायचं. पुढं नोकरीत लागल्यावर भल्याभल्यांना मी हेच सांगत आलो.

त्यांची आणखी एक रीत होती. दसऱ्याला बाकीचे विभाग यंत्रांना हार घालून मोकळे व्हायचे. मंदाताई आदल्या दिवशी प्रत्येक संगणकाची पेटी उघडून आतली धूळ काढायच्या, झाकण लावायच्या, मशीन चालू करायच्या आणि सुरुवातीला पडद्यावर जी ओळ क्षणभर दिसते, म्हणजे आत कोणता प्रोसेसर आहे ती, वहीच्या शेवटच्या पानांवर उतरवून घ्यायच्या. पूजेच्या दिवशी प्रत्येक पेटीला हळदकुंकू आणि वर आपट्याचं पान. विभागप्रमुख प्रसाद घ्यायला आले की म्हणायच्या, “सर, आलेच आहात तं यावर सही करा.” सर हसत हसत सही करायचे.

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहितो आहे त्याकडं येतो. याला तीन वर्षं झाली.

अभ्यासक्रम बदलला आणि आमच्या कंपनीला माझ्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेचं काम मिळालं. चोवीस संगणक होते, पाच वर्षांपूर्वी एकदमच घेतलेले, एकाच मॉडेलचे. त्यांच्यावर विद्यार्थ्यांसाठी एक फुकट मिळणारा कोड एडिटर बसवायचा होता. एडिटर म्हणजे कार्यक्रम, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम, लिहिण्याची वही समजा. कोरी वही लगेच वापरता येते, पण प्रात्यक्षिकाला लागणाऱ्या जोडण्या वेगळ्या आणाव्या लागतात. त्यांना पॅकेज म्हणतात, आणि त्या आणून जागेवर बसवणाऱ्या भागाला पॅकेज मॅनेजर. तो एकेक जोडणी इंटरनेटवरून आणतो. कॉलेजचं इंटरनेट म्हणजे आलं तर आलं. तेव्हा मी एक हुशारी केली. त्या पॅकेज मॅनेजरचा सर्वांसाठी खुला असलेला कोड घेतला, त्यात थोडे बदल केले आणि प्रयोगशाळेतल्याच एका मशीनवरून जोडण्या उचलेल असा तो आमच्या अमरावतीच्या ऑफिसात नव्यानं बांधला, म्हणजे कोडवरून संगणकाला चालवता येईल अशी प्रत तयार केली. मग एका डिस्कवर सगळं तयार करून तिच्या चोवीस नकला काढल्या. सोमवारी अकोल्याला जाऊन त्या बसवल्या, एका मशीनवर सगळं चालवून दाखवलं आणि परतीची बस धरली.

मंगळवारी मंदाताईंचा फोन आला. पंधरा मशीन चालतात, नऊ नाही. एडिटर उघडतो, पण जोडणी मागितली की पॅकेज मॅनेजर एक ओळ दाखवून मरतो.

बुधवारी मी अकोल्याला पोचलो. जठारपेठेत मामांकडं पिशवी ठेवली आणि कॉलेजात गेलो. दारातच मंदाताई कोणालातरी सांगत होत्या, “हा आमचा प्रवीण. आता पाहा कसा झटक्यात करते.” निवृत्तीला त्यांना चार महिने उरले होते.

झटक्यात करायचं हेच माझ्या डोक्यात बसलं. पडद्यावरची ओळ ओळखीची होती. प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली, एवढाच तिचा अर्थ. हे जरा सोपं करून सांगतो. माझ्या वडिलांच्या बैलांना आठदहा शब्द कळतात. दुसऱ्या बाजारातून आणलेल्या जोडीला दोनचार जास्त कळत असतील. न कळणारा शब्द आला तर बैल नुसता उभा राहतो. प्रोसेसर मात्र उभा राहत नाही, तो कार्यक्रम तिथंच संपवला जातो. मी नऊ मशीनचे प्रोसेसर तपासले. बाकी पंधरांपेक्षा ते वेगळे निघाले. पिढी तीच, पण प्रकार स्वस्तातला, त्यातून काही जादा सूचना कमी केलेल्या. अर्ध्या तासात माझा निकाल तयार झाला. कार्यालयात बसून मी अहवाल लिहिला: ‘नऊ मशीनमधील प्रोसेसर उर्वरित मशीनपेक्षा वेगळे व कमी क्षमतेचे असल्याने सॉफ्टवेअर चालत नाही.’ खाली सही केली आणि तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला.

मंदाताईंना मी तो दाखवला नाही. त्या तेव्हा माझ्यासाठी चहा सांगायला गेल्या होत्या.

शनिवारी त्यांचा फोन आला.

“प्रवीण, तू कागदावर काय लिहून देल्लं रे?”

“काहून ताई?”

“चाव्या घेतल्या माह्याजवळच्या. नोटीस देली. चोवीस मशीन सारख्याच आल्या होत्या म्हनतात, मंग नऊमंधले चांगले भाग कोनं काढले? खोलीची चावी तं इतकी वर्षं माह्याजवळच आहे.”

खरेदीच्या कागदांवर फक्त मॉडेलचं नाव होतं, आतल्या प्रोसेसरचं नव्हतं. माझ्या अहवालातली ती एक ओळ वाचून कोणालाही तेच वाटलं असतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांचे निवृत्तीचे कागद पुढं सरकणार नव्हते. त्यांना ग्रंथालयात एका टेबलाशी बसायला सांगितलं होतं. घरी त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

“ताई, मी तसं लिहिलं नाही हो.”

“तसं नाई लिहिलं, ठाऊक आहे मले. म्या वाचलं. मले फक्त एक सांग. त्या नऊ मशीन पाच वर्षं चालल्या. तुह्यं सॉफ्टवेअर सोमवारी आलं. मंगळवारी बंद पडल्या. मंग बदललं काय, मशीन का सॉफ्टवेअर?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मला विचारत होत्या, पहिल्या वर्षात विचारायच्या तशाच.

आमच्या ऑफिसात पत्रव्यवहाराच्या टेबलावर एक जुना संगणक आहे. सोमवारी सकाळी मी त्यावर माझा पॅकेज मॅनेजर चालवला. मेला. मूळ, मी हात न लावलेला पॅकेज मॅनेजर चालवला. चालला. मग मी वही घेतली आणि काय काय केलं ते एकेक उतरवलं. सातव्या ओळीला सापडलं. बांधणी करताना एक पर्याय असतो: ज्या मशीनवर बांधतो आहेस तिला येणाऱ्या सगळ्या सूचना वापर. त्यानं कार्यक्रम थोडा वेगात पळतो असं मी कुठंतरी वाचलं होतं. माझं ऑफिसचं मशीन नवीन. त्याला येणारे सगळे शब्द मी त्या कार्यक्रमात भरले आणि तो चोवीस मशीनवर नेऊन ठेवला. पंधरांना ते शब्द कळत होते, म्हणून माझी चूक त्यांच्यावर दिसली नाही. मशीनमध्ये वाईट काही नव्हतंच. तो पर्याय काढून मी पुन्हा बांधणी केली. टेबलावरच्या जुन्या मशीनवर ती मुकाट चालली. वेगात डोळ्यांना दिसेल असा काहीही फरक नव्हता.

आमचे मालक चौधरी साहेब. त्यांना सगळं सांगितलं.

“अरे, मंग नवीन आवृत्ती टाकून ये ना. मशीन चालल्या की सगळे गप्प होतात.”

“आणि ताईंची नोटीस?”

“ते त्यांच्या कॉलेजचं अंदरचं आहे. आपन त्यात काहून पडाचं?”

“साहेब, माझ्याच सहीच्या कागदावरून निघाली ती.”

ते म्हणाले, “सुधारित अहवाल दे. पन नाव कोनाचं टाकू नको. ‘बांधणीतील त्रुटी’ लिही अन् विषय संपव. आपल्याकडं आनखी चार कॉलेजं आहेत.”

मला तेव्हा हायसं वाटलं, हे लिहायला हवं. परवानगी मिळाली म्हणून तर वाटलंच, पण नाव टाकायचं नाही म्हणूनही वाटलं.

सुधारित अहवालानं मशीन का बंद पडल्या ते कळणार होतं. पण स्वस्तातले प्रोसेसर आत कसे आले, हा संशय तसाच राहणार होता. चौकशीची बैठक त्याच्या पुढच्या आठवड्यात होती. त्या दिवशी अकोल्याच्या बसमध्ये मूर्तिजापूरच्या आसपास मला दसरा आठवला. बसमधूनच फोन केला.

“ताई, वहीच्या मागची पानं आहेत ना?”

“आहेत ना. पन कपाटात. कपाटाची चावी त्याहीच्याजवळ.”

“तुम्ही त्यांना सांगितलं नाही?”

“मले कोनी पुसलं का?”

प्राचार्यांच्या खोलीत चौकशीचे तीन जण होते. प्राचार्य स्वतः आणि दोन प्राध्यापक. मंदाताईंनाही बोलावून घेतलं होतं. मी आधी नऊपैकी एका मशीनवर नवीन आवृत्ती चालवून दाखवली, सुधारित अहवाल दिला आणि मग कपाट उघडायची विनंती केली. वही आली. मंदाताईंनी ती स्वतः उघडली नाही, माझ्याकडं सरकवली. मशीन आल्या त्या वर्षीच्या दसऱ्याचं पान मी काढलं. एक ते चोवीस क्रमांक आणि प्रत्येकासमोर प्रोसेसरची ओळ, शाळकरी मुलीसारख्या सुट्या इंग्रजी अक्षरांत. चौथ्या, सातव्या, आठव्या मशीनसमोर स्वस्त प्रकार. पुढं जात जात बरोबर नऊ. तेच नऊ. पुढच्या चार दसऱ्यांची पानंही तशीच. मशीन तशाच आल्या होत्या. पुरवणाऱ्यानं एकाच नावाखाली दोन प्रकार पाठवले होते आणि पेट्या मोजून घेताना कोणी आत पाहिलं नव्हतं. मंदाताईंनी पाहिलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता.

पानाच्या तळाशी हळदीचा डाग होता आणि त्याच्या बाजूला तेव्हाच्या विभागप्रमुखांची सही. ते विभागप्रमुख आता प्राचार्य होते. त्यांनी चष्मा वर केला, सही पाहिली, पुढची चार पानं उलटली. पुढच्या दोन पानांवरही त्यांचीच सही.

“ही माझीच आहे,” ते म्हणाले.

“हो सर,” मंदाताई म्हणाल्या. “तुमी पेढा खाऊन राहिले होते.”

दोन्ही प्राध्यापक हसले. प्राचार्यही थोडे हसले आणि म्हणाले, “बरं, नोटीस मागं घेतली असं समजा.”

“समजतो सर. पन लिहून द्या,” मंदाताई म्हणाल्या.

त्यांनी लिहून दिलं. चाव्या टेबलावरून मंदाताईंच्या हातात परत आल्या. त्यांनी त्या एकेक मोजल्या, कमरेला खोचल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. “या पोरानं वाचवलं मले,” त्या म्हणाल्या.

मी खाली पाहत होतो. खाली वही उघडीच होती, पानं उलटून नेहमीच्या चार रकान्यांच्या पानावर आलेली. त्या मंगळवारची तारीख, नऊ क्रमांक, पडद्यावरची ओळ अक्षर न् अक्षर. चौथा रकाना कोरा.

चार महिन्यांनी त्या ठरल्या तारखेला निवृत्त झाल्या. निरोपाला मी गेलो, वडिलांनी दिलेली सांभाराची जुडी आणि वांगी घेऊन. नव्या सहायकाला वही नको होती, म्हणून ती त्या घरी घेऊन गेल्या. त्यानंतर फोनवर कितीदा बोलणं झालं, पण त्या विषयावर नाही. आता हा लेख लिहायला बसलो तेव्हा कळलं की तुमच्यासमोर ही गोष्ट सांगण्याआधी ती दुसऱ्या कोणाला तरी सांगायला हवी. म्हणून पहिल्यांदा पत्र लिहिलं, चौधरी साहेबांना वाचायला दिलं आणि पोस्टात टाकलं. साहेब वाचून एवढंच म्हणाले, “तीन वर्षं कशाले थांबला?”

पत्र असं आहे.

आदरणीय मंदाताई,

सा. न.

तब्येत बरी असेल. बाबांनी तुमच्यासाठी सांभार ठेवला आहे, पुढच्या खेपेला आणतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. राहिली हे खरं नाही. मी सांगितली नाही.

त्या नऊ मशीन बंद पडल्या त्याचं कारण सुधारित अहवालात मी ‘बांधणीतील त्रुटी’ असं लिहिलं होतं. ती बांधणी मी केली होती. कंपनीतल्या दुसऱ्या कोणाचा तिला हात लागला नव्हता. वेग वाढेल म्हणून एक पर्याय मी स्वतः चालू केला आणि जुन्या मशीनवर तपासून न पाहता तुमच्याकडं आणून बसवला. मग बिघाड पाहायला आलो तेव्हा माझं काम सोडून तुमच्या मशीन तपासल्या. पडद्यावरची ओळ मी वाचली, लिहून घेतली नाही. लिहून घ्यायला बसलो असतो तर वर तारीख टाकावी लागली असती, आणि आदल्या दिवशी काय बदललं ते तिथंच दिसलं असतं.

तुमच्या चाव्या अकरा दिवस दुसऱ्यांच्या टेबलावर राहिल्या त्या माझ्या सहीमुळं. मी तुम्हाला वाचवलं नाही. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर तसं म्हणालात आणि मी ऐकून घेतलं. त्याची मला तीन वर्षं लाज वाटते आहे. तुमच्या वहीनं तुम्हाला वाचवलं.

वही तुमच्याकडं आहे. त्या मंगळवारच्या ओळीत चौथा रकाना अजून कोरा असेल, कारण खात्री झाल्याशिवाय तुम्ही लिहीत नाही. आता खात्री झाली आहे. खाली देतो तसं उतरवून घ्या. पत्र चिकटवू नका, तुमच्या अक्षरातच लिहा:

‘प्रवीण उमक, माजी विद्यार्थी. चुकीची बांधणी केली, सांगितलं नाही.’

आपला,
प्रवीण